अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची टोपणनावं: लोकांनी ठेवलेली की पक्षाने चिकटवलेली?

आडवाटकर:
'लोकांनी प्रेमाने ठेवलेलं नाव' असं कुणी म्हटलं की मला आधी शंका येते. लिंकनचंच बघा. 'रेल स्प्लिटर', म्हणजे ओंडके फोडून कुंपणाचे वासे काढणारा. मे १८६० मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर गावात रिपब्लिकन पक्षाचं राज्य अधिवेशन भरलं होतं. रिचर्ड ओग्लस्बी या पुढाऱ्याने लिंकनच्या आईकडच्या नात्यातल्या जॉन हँक्सला गाठलं, एका जुन्या कुंपणाचे दोन वासे मिळवले, त्यांना फलक बांधला आणि ते भर अधिवेशनात मिरवत आणवले. १८३० साली फोडलेल्या तीन हजारांपैकी हे दोन, असं फलकावर लिहिलेलं. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. आठवडाभरात शिकागोला राष्ट्रीय उमेदवारी पदरात! आणि वासे फोडणारा हा गडी तेव्हा पोटापाण्याला काय करत होता? वकिली, तीही इलिनॉय सेंट्रल रेल्वेसारख्या बड्या अशिलाची. एका खटल्याची पाच हजार डॉलर फी त्याने त्याच रेल्वेवर दावा ठोकून वसूल केली होती. 'रेल' दोन्हीकडे आहे म्हणा.

बाभूळबन:
एका शितावरून भाताची परीक्षा नको. जॅक्सनचं 'ओल्ड हिकरी' कुठल्या पक्षाने बनवलं? १८१३ साली तो टेनेसीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक घेऊन नॅचेझला पोचला, तर वरून हुकूम आला, फौज तिथेच बरखास्त करा. घर पाचशे मैलांवर, माणसं आजारी. त्याने हुकूम धाब्यावर बसवला, आपले घोडे आजाऱ्यांना दिले आणि स्वतः पायी चालत सगळ्यांना परत आणलं. हिकरीचं लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात, आपल्याकडे बाभळीचं वापरतात तसं. चिवट. सैनिकांच्या तोंडून आलेलं नाव आहे ते. तो राष्ट्राध्यक्ष झाला त्यानंतर सोळा वर्षांनी.

पाटीपेन्सिल:
दोघांचंही अर्धवट. मराठीत नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. अमेरिकेत टिकलेली बरीच नावं दुसऱ्या प्रकारातली. १९५० साली कॅलिफोर्नियात सिनेटच्या निवडणुकीत निक्सनच्या प्रचाराने प्रतिस्पर्धी हेलन गहेगन डग्लस यांना कम्युनिस्टधार्जिण्या ठरवणारं पत्रक काढलं, तेही मुद्दाम गुलाबी कागदावर (लाल म्हणजे कम्युनिस्ट, गुलाबी म्हणजे त्यांच्याकडे झुकलेला). त्यांनी उलट 'ट्रिकी डिक', म्हणजे लबाड डिक (डिक हे रिचर्डचं लघुरूप), हे नाव गाजवलं. निवडणूक निक्सन जिंकले, पण ते नाव त्यांना जन्मभर चिकटलं.

मजा १८४० च्या निवडणुकीची. व्हिग पक्षाचा उमेदवार हॅरिसन याला हिणवायला विरोधी वर्तमानपत्राने लिहिलं, याला सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) पिंप आणि पेन्शन द्या, ओंडक्यांच्या खोपटात खुशाल बसेल. व्हिग पक्षाने तेच खोपट उचलून मिरवणुकीत घातलं! प्रत्यक्षात हॅरिसन व्हर्जिनियातल्या मळेवाल्या श्रीमंत घरात जन्मलेला.

चहाबाज:
आणि समोर व्हॅन ब्यूरन, किंडरहूक गावचा, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. त्याच्या समर्थकांनी त्याच्या आद्याक्षरांवरून ओके नावाचे क्लब काढले. ओके हा शब्द बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात १८३९ सालीच विनोदाने छापून आला होता, पण देशभर पोचला तो या निवडणुकीत. विरोधकांनी त्याचेही नाही नाही ते अर्थ काढले. गडी पडला, अक्षरं राहिली. आपण दिवसातून पन्नासदा वापरतो.

बाभूळबन:
@पाटीपेन्सिल, हॅरिसनचं 'टिपेकनू' हे टोपणनाव मात्र १८११ च्या लढाईवरून आलंय, खोपटावरून नाही. तेवढं तरी खरं कमावलेलं धरा.

आडवाटकर:
बरं, जॅक्सन तुम्हाला दिला. पण १८२८ च्या प्रचारात त्याच्या पक्षाने गावोगावी हिकरीचे खांब रोवले होते, तेही सांगा की! नाव सैनिकांचं असेल, खांब पक्षाचे. आणि हॅरिसन मी देत नाही. लढाई खरी असली तरी घोषणा होऊन देशभर फिरली ती एकोणतीस वर्षांनी, नेमकी निवडणुकीत.