चोक काढताच बंद पडणारी जुनी छोटी चेनसॉ

प्रश्न (जुनापाना):
माझ्याकडे सुमारे 35 सीसी इंजिनाची, 35 सेंटिमीटर बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) असलेली एक जुनी पेट्रोल चेनसॉ आली आहे. ती बरीच वर्षे वापराविना पडून होती. चोक ओढल्यावर ती सुरू होते, परंतु चोक पूर्ण काढला की बंद पडते, आणि कधी टिकलीच तर थ्रॉटल दाबताक्षणी गुदमरते. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर नवे बसवले असून ठिणगी स्वच्छ निळसर पडते. कार्ब्युरेटरवरील एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) हे पेट्रोलचे स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवावे काय, की त्याआधी आणखी काही तपासणे आवश्यक आहे? अर्धा चोक ठेवून एक फांदी कापून पाहिली, तेव्हा काप सरळ न जाता उजवीकडे वळत गेला. त्याचे कारण वेगळे असावे, असे वाटते.

उत्तर (टूस्ट्रोक):
स्क्रूंना तूर्तास हात लावू नये. चोक असताना इंजिन चालते आणि काढताच थांबते, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा मिळते आहे. स्क्रू सैल करून ही उणीव काही काळ झाकता येते, पण मूळ दोष तसाच राहतो. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाले की उष्णता वाढते, वंगण घटते आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

म्हणून सर्वप्रथम मफलर काढून एक्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टन पाहावा. त्याच्या बाजूवर उभे खोल ओरखडे असतील, तर कार्ब्युरेटरवर कष्ट घेण्यापूर्वी ही करवत दुरुस्त करणे परवडेल काय, याचा विचार करावा. पिस्टन गुळगुळीत असेल तर पुढे जाण्यास हरकत नाही. मफलर हातात आहेच, तर त्यातील ठिणगीरोधक जाळीही पाहून घ्यावी. ती काजळीने बुजली असेल तर इंजिनाला श्वास मिळत नाही आणि थ्रॉटल दाबल्यावर ते असेच गुदमरते.

त्यानंतर इंधनाची नळी. टाकीतील नळी जुनी झाली की कडक होते आणि तिला बारीक चिरा पडतात. पेट्रोल गळताना दिसत नाही, पण चिरेतून हवा मात्र ओढली जाते. नळी वाकवून, ताणून पाहावी, आणि थोडी जरी शंका आली तरी ती टाकीतील फिल्टरसह बदलावी. टाकीचा हवेचा व्हेंट बुजलेला असल्यासही पेट्रोल येणे थांबते. मात्र त्या वेळी यंत्र काही काळ नीट चालून मग बंद पडते, आणि झाकण सैल केल्यास पुन्हा चालू लागते.

एवढे करूनही लक्षण तेच राहिले, तर कार्ब्युरेटर उघडून डायाफ्राम (आतील पातळ लवचिक पडदे) बदलावेत. मऊ डायाफ्राम बोटाने सहज हलतो, ताठरलेला कडकड आवाज करतो. कार्ब्युरेटरच्या मॉडेल क्रमांकानुसार संच घ्यावा आणि भाग कोणत्या क्रमाने निघतात याचे छायाचित्र काढून ठेवावे. सामान्यतः मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला आधी पॅकिंग आणि वर डायाफ्राम बसतो, तर पंपाच्या बाजूला आधी डायाफ्राम आणि वर पॅकिंग. हा क्रम उलटला की नवा संचही चालत नाही, आणि दोष मात्र संचावर येतो.

उत्तर (क्रँककेस):
वरील सर्व योग्य आहे, फक्त हवेची गळती कार्ब्युरेटरच्या पलीकडेही असू शकते, हे जोडतो. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधील रबरी जोड तडकतो, क्रँकचे ऑइल सील वाळतात, आणि क्रँककेसमधील दाबाचे स्पंदन इंधनपंपापर्यंत नेणारी इम्पल्स नळी फाटते. ही नळी फाटली की दुहेरी नुकसान होते : पंप नीट चालत नाही आणि बाहेरची हवा आत येते.

अशा गळतीची खूण म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर वेग लगेच खाली येत नाही, किंवा करवत आडवी करताच आयडलिंग (थ्रॉटल न दाबता चालण्याचा वेग) बदलते. खात्री करायची असल्यास एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून प्लगच्या छिद्रातून सुमारे 0.5 बार दाब द्यावा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत मला मान्य नाही.

उत्तर (कानसवाला):
काप वळण्याचे कारण इंजिनात नाही. एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट असतील, तर काप धारदार आणि लांब दातांच्या बाजूकडे ओढला जातो. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे सर्व त्याच लांबीचे करावेत. छोट्या करवतींवर बहुधा 3/8 इंच पिचची लो-प्रोफाइल (कमी उंचीची) साखळी असते, तिला 4 मिलिमीटर व्यासाची गोल कानस आणि 30 अंशांचा कोन लागतो. साखळीवर वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. धार लावून झाल्यावर डेप्थ गेज (प्रत्येक दातापुढील उंचवटे) मापपट्टीने तपासावेत, ते दाताच्या धारेपेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असावेत. दात समान असूनही काप वळत असेल, तर बारच्या दोन्ही कडा एका उंचीच्या आहेत काय, ते सपाट पृष्ठभागावर बार उभा करून पाहावे. बार अधूनमधून उलटा करून बसवावा, खाचेतील भुसा काढावा आणि तेलाचे छिद्र मोकळे ठेवावे.

प्रश्नकर्ता (जुनापाना):
इम्पल्स नळीच फाटली होती. पिस्टन स्वच्छ आहे. नवी नळी लावल्यापासून करवत चोकविना चालते. आता एकच शंका : टाकीच्या झाकणावर 25:1 असे कोरलेले आहे, तर हल्लीच्या तेलाच्या बाटलीवर 50:1 लिहिलेले असते. कोणते प्रमाण धरावे?

उत्तर (टूस्ट्रोक):
25:1 म्हणजे एका लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर तेल, आणि 50:1 म्हणजे 20 मिलिलिटर. जुने आकडे त्या काळच्या तेलासाठी होते. मी स्वतः अशा यंत्रांत आजचे दर्जेदार टू-स्ट्रोक तेल 40:1, म्हणजे लिटरला 25 मिलिलिटर, वापरतो. धूर आणि काजळी आटोक्यात राहते आणि वंगणाची चिंता नसते. मात्र तेल वाढवल्याने तेवढ्याच मिश्रणातील पेट्रोल घटते, म्हणजे इंजिन किंचित लीन होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे प्रमाण एकदा ठरवून मगच ट्यूनिंग करावे. दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन सुमारे एक फेरा बाहेर काढावेत, इंजिन तापू द्यावे, आधी एल, मग आयडलचा आणि शेवटी एच स्क्रू लावावा. पूर्ण थ्रॉटलवर लाकडाबाहेर आवाज किंचित फुटका यावा आणि लाकडात शिरताच स्वच्छ व्हावा. थ्रॉटल सोडल्यावर साखळी फिरत राहिली, तर आयडल अजून जास्त आहे.