शब्दचर्चा : ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांवरचा एक मोठा लेख मराठीत आणतो आहे. त्यात डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस), डीएफएम (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल), एएफसी (एअर फोर्स क्रॉस) ही पदकं पानोपानी येतात. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’साठी मी ‘विशिष्ट उड्डाण पदक’ लिहिलंय. वाचताना खटकतं, पण काय चुकतंय ते सापडत नाही. शिवाय ‘डीएफसी अँड बार’मधल्या ‘बार’चं काय करायचं?

उत्तर : खटकतंय ते ‘विशिष्ट’मुळे. मराठीत विशिष्ट म्हणजे ठरावीक, अमुक एक : विशिष्ट वेळ, विशिष्ट पद्धत. तुमचं नाव वाचून वाटतं, कुठल्यातरी ठरावीक उड्डाणासाठी हे पदक ठेवलेलं आहे. ‘नावाजण्याजोगा’ हा अर्थ हिंदीनं जपला, म्हणून ‘परम विशिष्ट सेवा पदक’ हे सरकारी नाव हिंदीत शोभतं. ते विशेषनाम असल्यानं आपणही तसंच लिहावं. पण नवं भाषांतर करताना तो शब्द उचलला की अर्थ घसरतो.

त्याहून मोठी अडचण ‘पदक’ शब्दाची. डीएफसी आणि डीएफएम ही ब्रिटिशांची जोडी ३ जून १९१८ला एकत्रच सुरू झाली. शत्रूविरुद्धच्या मोहिमेत उड्डाण करताना दाखवलेलं शौर्य, हीच दोन्हींची अट. फरक हुद्द्याचा. क्रॉस अधिकारी आणि वॉरंट ऑफिसरांना, मेडल त्यांच्या खालच्यांना. एकाच विमानातून, एकाच रात्री, एकाच आगीतून परतलेल्या दोघांपैकी फ्लाइंग ऑफिसरच्या छातीवर क्रॉस लागायचा आणि सार्जंटच्या छातीवर मेडल. हा भेद १९९३पर्यंत टिकला. मग मेडल बंद झालं आणि क्रॉस सगळ्यांसाठी खुला झाला. तुम्ही दोन्हींना ‘पदक’ म्हटलंत तर हा अन्याय वाचकाला दिसणारच नाही, आणि माझ्या मते तो दिसायलाच हवा.

चित्र समोर असेल तर फितीकडे बघा. दोन्हींवर जांभळे-पांढरे तिरपे पट्टे. क्रॉसच्या फितीवर ते रुंद, मेडलच्या फितीवर बारीक. सुरुवातीला हे पट्टे आडवे होते, १९१९मध्ये तिरपे झाले. खाली लटकणारा चांदीचा तुकडाही वेगळा : एक क्रॉसच्या आकाराचा, दुसरा लंबगोल.

एएफसी, म्हणजे एअर फोर्स क्रॉस, हा तिसराच प्रकार. तोही उड्डाणातल्या धैर्यासाठी, पण शत्रूशी प्रत्यक्ष लढत नसताना. ही रेघ आपल्याकडेही आहे. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र त्याखेरीजच्या. म्हणून एएफसीसाठी सरसकट ‘युद्धातलं शौर्यपदक’ लिहू नका.

माझा कौल असा : पहिल्यांदा पूर्ण नाव देवनागरीत, सोबत अर्ध्या वाक्यात खुलासा, पुढे डीएफसी. ‘उड्डाणशौर्य क्रॉस’ असं मराठी नाव घडवता येईल, मला ते आवडतंही. पण विशेषनामाच्या जागी नको, खुलाशात वापरा. आणि ब्रिटिश की अमेरिकन हे सांगाच. अमेरिकेचं याच नावाचं पदक १९२६चं. ते लढाईबाहेरच्या असामान्य उड्डाणालाही मिळतं. अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्गला अटलांटिक ओलांडल्यावर, १९२७मध्ये, तेच मिळालं. नाव एक, अर्थ दोन.

‘बार’ म्हणजे फितीवर बसवलेली धातूची पट्टी. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाल्याची खूण. मराठी कानाला बार म्हटलं की बंदूक आठवते, तेव्हा सरळ ‘दोनदा’ लिहा. भारतीय वैमानिक करुण कृष्ण मजुमदार यांना एक डीएफसी १९४२च्या ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी, दुसरा १९४४मध्ये युरोपातल्या कामगिरीसाठी. ‘मजुमदार, दोनदा डीएफसी’ एवढं पुरतं. भारतीय हवाई दलाचे वैमानिक जगमोहन नाथ यांचं महावीर चक्रही असंच दोनदा, १९६२ आणि १९६५ साठी.

पुन्हा प्रश्न : फार उपयोग झाला, आभार. ‘एअरक्रू’साठी मी सगळीकडे ‘वैमानिक’ वापरलाय. चालेल ना?

उत्तर : नाही, तो बदला. वैमानिक म्हणजे विमान चालवणारा. ब्रिटिशांच्या लँकेस्टरसारख्या बॉम्बफेकी विमानात सात जण असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. नॉर्मन जॅक्सन यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, ते फ्लाइट इंजिनिअर होते. एप्रिल १९४४मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवरच्या हल्ल्यानंतर विमानाच्या पंखाला आग लागली, तेव्हा हा माणूस अग्निशामक नळकांडं जीवरक्षक जाकिटात खोचून, उडत्या विमानातून बाहेर पंखावर उतरला. आतले सोबती त्याच्या पॅराशूटच्या दोऱ्या धरून होते. त्याला ‘शूर वैमानिक’ म्हणणं म्हणजे त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर लिहिणं. एकत्रित उल्लेखाला ‘विमानातला चमू’ म्हणा, एकेकट्याला त्याच्या कामानं ओळखा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. ‘पदक पटकावलं’, ‘जिंकलं’ ही क्रियापदं मैदानावरची. ज्या रात्री शेजारचा गनर जागीच गेला, त्या रात्रीचं पदक कुणी पटकावत नाही. ‘मिळालं’, ‘देण्यात आलं’, ‘बहाल झालं’ यांतलं काहीही घ्या.

पुन्हा प्रश्न : मग हे वाक्य बघाल का? ‘धरणांवरील हल्ल्यातील ५३ मृतांना मरणोत्तर डीएफसी मिळाला.’

उत्तर : इथे माहितीच चुकली आहे. मूळ लेख पुन्हा बघा. ब्रिटिश हवाई दलानं मे १९४३मध्ये जर्मनीतल्या धरणांवर केलेल्या त्या हल्ल्यात १९ विमानांतून १३३ जण गेले, ५३ मारले गेले. पदकं मिळाली ती परतलेल्यांना. त्या काळी शत्रूसमोरच्या शौर्याच्या ब्रिटिश पदकांपैकी मरणोत्तर देता येई ते फक्त व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या हवाई दलाच्या निर्मलजितसिंग सेखों यांना १९७१च्या युद्धातलं परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं, त्यामुळे हा शब्द आपल्या हाताला सहज येतो. तिथे तो बरोबरही आहे.

तुमच्या लेखात पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांचाही उल्लेख आला असेल. त्यांच्यासाठीही ‘मरणोत्तर’ एवढ्यावर भागवू नका, क्रम सांगा : ‘दहा हवाई विजय नावावर असलेले १९ वर्षांचे रॉय २२ जुलै १९१८ रोजी विमानासह कोसळले; त्यांना डीएफसी दिल्याचं सप्टेंबरमध्ये जाहीर झालं.’