मदत हवी आहे: असमानतेची उदाहरणे वेळेत आणि अचूक कशी सोडवावीत?

नमस्कार. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि सध्या जीआरईची (परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची) तयारी करत आहे. गणिताच्या २७ प्रश्नांना ४७ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो, आणि माझे गुण नेमके असमानतेच्या उदाहरणांत जातात.

काल कोथरूडहून बसने येताना सोडवलेले उदाहरण असे होते: (क्ष − ३)/(क्ष + २) ≥ २. मी दोन्ही बाजूंना (क्ष + २) ने गुणून क्ष ≤ −७ असे उत्तर काढले. पडताळ्यासाठी क्ष = −८ घेतले, तर डावी बाजू ११/६ आली, जी २ पेक्षा लहान आहे; उलट −५ घेतल्यावर ८/३ येऊन अट पूर्ण झाली. (क्ष + २) ऋण असेल तर चिन्ह उलटते, हे शाळेत घोकलेले असूनही ऐन वेळी हात आपोआप गुणतो. सर्व पदे एका बाजूला आणून संख्यारेषेवर चिन्हे तपासली की −७ ≤ क्ष < −२ हे बरोबर उत्तर मिळते, पण त्यात माझी तीन मिनिटे गेली.

तुलनेच्या प्रश्नांतही हीच गत: क्ष/य > १ दिसले की मी क्ष मोठा धरून मोकळा होतो, दोन्ही ऋण असू शकतात हे सुचतच नाही.

ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी कृपया सांगावे, की आपण आधी बीजगणित करता, की ०, ऋण संख्या आणि अपूर्णांक ठेवून पर्याय बाद करता?