तोंडखुरी बरी झाली, तरी विषाणू गाईच्या घशात उरतो का?

कपाशीवाली, हिंगणघाट तालुका
आमच्या गवळाऊ गाईला पावसाळ्यात तोंडखुरी झाली. जिभेची साल पार निघाली होती. बाबा तिला ज्वारीची पातळ आंबील पाजत. आता ती चरते, दूधही देते. शेजारचे काका म्हणतात, विकून टाका, बाकीच्या ढोरांना देईल. मी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलंय. वर्गात उंदरांचा एलसीएमव्ही हा विषाणू शिकवला: आर्मस्ट्राँग वाण आठवडा-दहा दिवसांत जातो, क्लोन १३ महिनोन्‌महिने राहतो. गाईतही असंच होतं का?

ढोरांचा डॉक्टर, यवतमाळ
ताई, गाय विकू नका. आधी उंदराचं सांगतो. क्लोन १३ बाहेरून आणलेला नाही. जन्मतःच आर्मस्ट्राँगची लागण केलेल्या उंदरांच्या प्लीहेत तो तयार झाला. रफी अहमद या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. मोजक्या अमिनो आम्लांच्या बदलाने विषाणू इतका चिवट झाला की विषाणूशी लढणाऱ्या टी पेशी लढून लढून थकल्या. एकाच वंशाचे उंदीर होते, म्हणून तर हे इतकं स्वच्छ दिसलं.

पण घशाचा प्रश्न गाईलाच विचारावा लागतो. डुकराला तोंडखुरी होते, तरी ते वाहक होत नाही, म्हणजे बरं झाल्यावर विषाणू त्याच्यात टिकून राहत नाही. गाईत २८ दिवसांनंतरही विषाणू सापडला तर तिला वाहक म्हणतात. लांब दांड्याची छोटी वाटी घशात घालून खरवड काढतात, गाय खूप ओढाताण करते. मऊ टाळूच्या वरच्या अस्तरात तो दडून असतो, लस टोचलेल्या जनावरातही. आफ्रिकी रानम्हशीत तर ५ वर्षांपर्यंत सापडलाय. तोंडखुरीचा विषाणू आरएनए प्रकारचा, तो स्वतःची नक्कल करताना चुका करतो, म्हणून त्याच गाईचे महिन्यांच्या अंतराने घेतलेले नमुने एकमेकांशी जुळत नाहीत. मात्र वाहक गाई निरोगी गाईंसोबत बांधून केलेल्या प्रयोगांत लागण पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही. काकांना हे नक्की सांगा.

गोपालक, आर्वी
दूध आटेल म्हणून आमच्या गावात लोक लस टाळतात, मले फार वाईट वाटते. सहा महिन्यांनी टोचाच. ओ, ए आणि एशिया १, विषाणूचे तिन्ही प्रकार त्या लशीत असतात.

कपाशीवाली
धन्यवाद सर, दादा. मग घशात बदललेला विषाणू लसीला चुकवेल का?

ढोरांचा डॉक्टर
बदल बाहेरच्या कवचात झाला तर चुकवू शकतो. म्हणूनच गावोगावचे नमुने लसीच्या वाणाशी ताडून पाहतात. भुवनेश्वरच्या तोंडखुरीवरच्या राष्ट्रीय संस्थेत हेच काम चालतं. पुन्हा कुठे फोड दिसले, तर दवाखान्यात लगेच कळवा आणि नमुना घ्यायला लावा.