टूमस्टोन: समाधिशिला, कंस की खोडनोंद?

इतवारी_गल्ली: कॅसँड्रा या डेटाबेसचं टिपण मराठीत करणं सुरू आहे. 'डिलीट' केल्यावर जी 'टूमस्टोन' नावाची खूण पडते, तिला काय म्हणावं? 'समाधिशिला' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, आठवणीखातर ठेवली आहे.

धंतोली_दक्षिण: समाधिशिला नकोच. शिळा मेलेल्याच्या उशाशी असते. इथे खूण एका फाइलीत आणि खोडलेली ओळ भलत्याच फाइलीत. कॅसँड्रा डेटा साठवतो १९९६ साली मांडलेल्या एलएसएम-ट्रीच्या धाटणीत. त्यात लेखन आधी मेमरीत होतं, मग फाइल होऊन डिस्कवर जातं, आणि त्या फाइलीला पुन्हा हात लावायचा नसतो. म्हणून खोडायचं तरी नवी नोंद लिहूनच: 'ही किल्ली, या वेळेपासून, नाही.' (किल्ली म्हणजे ओळीची ओळख.) वाचताना दोन्ही सापडतात, उशिराच्या वेळेची जिंकते.

मौजा_गोरेवाडा: मग सातबाऱ्यावरचा 'कंस' काहून नको? पटवारी नाव खरडून टाकत नाही, कंस करतो. नाव वाचता येतं, हक्क मात्र संपलेला.

धंतोली_दक्षिण: कंस झकास आहे भाऊ, पण तो पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला शोभतो. तिथे त्याच ओळीच्या हेडरात, 'एक्समॅक्स' या रकान्यात, खोडणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक भरतात. ओळ जागची हलत नाही. ती जागा नंतर व्हॅक्यूम नावाचा सफाईवाला मोकळी करतो. सेटिंग बदललं नसेल तर ५० अधिक टेबलाच्या २० टक्के इतक्या ओळी मेल्या की ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, जागा होतो. टूमस्टोन म्हणजे कंस नव्हे, नाव कमी करण्याचा फेरफार: वेगळ्या वहीतली, गाव नमुना ६ मधली स्वतंत्र नोंद. म्हणून माझं मत 'खोडनोंद'.

इतवारी_गल्ली: 'पुसनोंद' का नाही?

शंकरनगर_चौक: पाटीवरचं पुसतात, वहीतलं खोडतात. पुसलं की मागे काही उरत नाही, खोडलेलं वाचता येतं. डिलीट म्हणजे खोडणं. पुढे कॉम्पॅक्शनमध्ये, म्हणजे जुन्या फाइली एकत्र करून नवी लिहिताना, जुनी ओळ आणि खोडनोंद दोन्ही गळतात, ते पुसणं. ही दोन क्रियापदं टिपणात वेगळी ठेवलीत तर अर्धी गफलत तिथेच मिटेल. (जुन्या मराठीत 'पुसणे' म्हणजे विचारणेही. 'डेटाबेसला पुसलं' म्हणजे क्वेरी केली की सफाई, असा घोळ नको.)

मौजा_गोरेवाडा: पण खोडनोंद लगेच का पुसत नाहीत? ती १० दिवस ठेवतात म्हणे, कशाची वाट पाहतात?

धंतोली_दक्षिण: 'जीसी ग्रेस सेकंड्स' नावाचं सेटिंग मुळात ८,६४,००० सेकंदांचं असतं, तेच १० दिवस. समजा, डेटाच्या ३ प्रती आहेत. खोडनोंद दोन नोडवर (नोड म्हणजे प्रत ठेवणारं एकेक यंत्र) पोचली, तिसरा बंद होता. त्याच्यासाठी राखलेले निरोप, म्हणजे हिंट, बदल केला नसेल तर पहिल्या ३ तासांपुरतेच साठवतात. दहा दिवसांनी दोघांनी कॉम्पॅक्शनमध्ये ओळही पुसली, खोडनोंदही. मग तिसरा उठला. त्याच्याकडे जुनी ओळ शाबूत आणि ती खोडल्याचा पुरावा कोणाकडेच नाही. पुढच्या रिपेअरमध्ये, म्हणजे नोडवरच्या प्रती ताडून सारख्या करताना, तीच ओळ खरी समजून उरलेल्या दोघांवर उतरते. म्हणून दर १० दिवसांच्या आत प्रत्येक नोडवर रिपेअर पुरा झालाच पाहिजे. त्याहून जास्त काळ बंद राहिलेला नोड तसाच परत जोडू नका; त्याचा डेटा रिकामा करून नव्याने भरून घ्या. जागा वाचवायला मुदत शून्यावर आणणारे असतात, ते हेच संकट हाताने ओढवून घेतात.

शंकरनगर_चौक: आणि 'मुदत संपली की जाते' असंही लिहू नका. 'मुदतीनंतर जाऊ शकते' लिहा. त्याच किल्लीचा जुना डेटा कॉम्पॅक्शनबाहेरच्या एखाद्या फाइलीत असू शकत असेल, तर खोडनोंद तशीच राहते.

इतवारी_गल्ली: या नोंदी साचल्या तर वाचन मंदावतं, त्याला उदाहरण?

शंकरनगर_चौक: रांग. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा लिलावाचे लॉट एका पार्टिशनमध्ये (एकत्र साठवलेल्या ओळींच्या गठ्ठ्यात) टाकायचे, विकला की खोडायचा. पुढचा लॉट शोधणारी क्वेरी आधीच्या सगळ्या खोडनोंदी ओलांडत जाते. मूळ सेटिंगला एका क्वेरीत १,००० ओलांडल्या की लॉगमध्ये इशारा, १,००,००० ओलांडल्या की क्वेरीच रद्द. उपाय म्हणजे पार्टिशनला तासाची किंवा दिवसाची किल्ली द्यायची आणि कालची पार्टिशन वाचायचीच नाही. अजून एक छुपी खोड: रिकाम्या रकान्यात 'नल' लिहून इन्सर्ट केलं तरी खोडनोंद पडते. न भरलेला रकाना वाक्यातूनच गाळायचा.

मौजा_गोरेवाडा: २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षणाच्या कायद्यात माणसाला आपली माहिती मिटवून मागण्याचा हक्क दिला आहे. तिथे खोडून भागत नाही, पुसावंच लागतं.

धंतोली_दक्षिण: बरोबर, आणि साध्या एलएसएममध्ये पुसणं नेमकं कधी होईल याची हमी नसते. २०२० मध्ये सिग्मॉड या डेटाबेसवरच्या परिषदेत 'लेथी' नावाचं इंजिन मांडलं गेलं (ग्रीक पुराणातली विस्मृतीची नदी, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी). त्यात खोडनोंदीला मुदत बांधून देतात, ती फाइलींच्या प्रत्येक पातळीला वाटून येते, आणि जिची मुदत भरली ती फाइल कॉम्पॅक्शनला आधी उचलतात. मोबदल्यात थोडं लेखन वाढतं.

इतवारी_गल्ली: 'खोडनोंद' पक्की. सलग अनेक ओळी एकदम खोडणाऱ्या 'रेंज टूमस्टोन'ला 'पट्टा-खोडनोंद' चालेल?

मौजा_गोरेवाडा: पट्टा नको जी, इकडे लोक जमिनीचा पट्टा समजतील. 'सलग खोडनोंद' लिहा.