अभ्यासिकेतला ‘एका दृष्टिक्षेपात जग’ तक्ता: जीडीपीची क्रमवारी ठेवावी की काढावी?

भूगोलप्रेमी_धरमपेठ (धागाकर्ता)

नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये एक तक्ता हमखास दिसतो. क्षेत्रफळात पहिले दहा देश, लोकसंख्येत पहिले दहा, जीडीपीत पहिले दहा, आणि बाजूला जगाचा नकाशा. मुलं येता-जाता तो पाहतात आणि तेच जग डोक्यात पक्कं बसतं. माझं म्हणणं असं की, एकूण जीडीपीचा रकाना काढावा आणि तिथे क्रयशक्तीनुसार, म्हणजे पैशात प्रत्यक्ष किती माल येतो त्या हिशेबाने, दरडोई उत्पन्न द्यावं.

२०२४ मध्ये बाजारातल्या विनिमय दराने भारताचा जीडीपी साधारण ३.९ लाख कोटी डॉलर, जगात पाचवा. जर्मनीचा ४.७, तिसरा. बघणाऱ्याला वाटतं, आता थोडंच अंतर उरलं. भागाकार करून बघा. आपण १४५ कोटी, ते साडेआठ कोटींच्याही आत. इकडे माणशी २,७०० डॉलर, तिकडे जवळपास ५६,०००. म्हणजे वीसपट.

आणि ही वीसपटसुद्धा खरी नाही, कारण ती रुपयाचे डॉलर करून मोजलेली. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीत बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता, पण क्रयशक्तीचा दर निघाला २०.६५. अमेरिकेत एका डॉलरला येणारा माल आणि सेवा इथे सरासरी वीस रुपये पासष्ट पैशांत मिळत होत्या. खोलीभाडं, केसांची कटिंग, ऑटोचं भाडं, शिकवणीची फी या गोष्टी जहाजातून येत नाहीत. त्यांचे भाव इथल्या मजुरीवर ठरतात. क्रयशक्तीने मोजलं की जर्मनीशी अंतर सहा-सात पटींवर येतं. लोक कसे जगतात हे त्यातून कळतं.

कापूसबाजार

भाऊ, क्रयशक्तीच्या डॉलरने कच्चं तेल मिळत नाही. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून. त्याचं बिल बाजारातल्या डॉलरने चुकवावं लागतं. वरूड-काटोलचा संत्रा घ्या. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की इथे बागेतला भाव पडतो. त्या व्यवहारात २०.६५ चा दर कोण लावतो? देशाची बाहेरची पत, कर्ज फेडायची ताकद, शस्त्रखरेदी, सगळं एकूण जीडीपी आणि बाजारभावावर चालतं. तो रकाना काढला तर मुलांना जगातलं वजन कशाला म्हणतात तेच कळणार नाही.

दुसरं म्हणजे क्रयशक्तीचा आकडा मोजलेला कमी, अंदाजलेला जास्त असतो. भावांची पाहणी दरवर्षी होत नाही. अलीकडच्या फेऱ्या २०११, २०१७, २०२१. मधली वर्षं महागाईच्या फरकावरून पुढे ओढलेली. पाहणीत तोच माल तोलावा लागतो. आपला कोलम आणि तिकडचा पाकीटबंद तांदूळ एकाच ओळीत टाकला की हिशेब चुकला. २००५ च्या फेरीचे आकडे आले तेव्हा चीन आणि भारत या दोघांचाही क्रयशक्तीचा जीडीपी आधीच्या अंदाजापेक्षा साधारण ४० टक्क्यांनी खाली आला. एका रात्रीत कोणी गरीब झालं नव्हतं, फक्त मोजणी बदलली होती. असा आकडा भिंतीवर एकटा लावायचा?

भूगोलप्रेमी_धरमपेठ

मोजणी बदलल्याने आकडा हलतो हा दोष असेल तर तुमचा रकानाही त्यातून सुटत नाही. नायजेरियाने २०१४ मध्ये जीडीपीचं पायाभूत वर्ष (ज्या वर्षाचे भाव धरून हिशेब मांडतात ते) १९९० वरून २०१० वर आणलं. मोबाईल सेवा, चित्रपट उद्योग अशी जुन्या हिशेबात नीट न धरलेली क्षेत्रं आत आली आणि २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी फुगला. दक्षिण आफ्रिका मागे पडली, नायजेरिया खंडात पहिला. लागोसमधल्या माणसाच्या ताटात त्या दिवशी काही वाढलं का? क्रमवारी लावली की अशा उड्या प्रगतीसारख्या दिसतात, म्हणून ती नको.

कापूसबाजार

आणि दरडोईत उड्या नसतात? आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे नेली, एवढंच. देश लहान, त्यामुळे भागाकारात माणशी आकडा थेट आभाळाला. शेवटी त्यांच्याच सांख्यिकी खात्याला सुधारित राष्ट्रीय उत्पन्न म्हणून वेगळं माप काढावं लागलं. तुमच्या तक्त्यात आयर्लंड डोक्यावर बसेल, तेव्हा मुलांना काय सांगाल?

शिकवणी_रेशीमबाग

दोघेही एकच माप निवडायचा हट्ट धरून बसले आहात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी देशांचा कोटा (निधीतला प्रत्येकाचा वाटा) ठरवतो त्या सूत्रातला जीडीपीच मिश्र आहे: ६० टक्के बाजारभावाचा, ४० टक्के क्रयशक्तीचा. दोन्ही रकाने शेजारी-शेजारी द्या. क्रयशक्तीने चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. बाजारभावाने २०२४ मध्ये अमेरिका पहिली, चीन दुसरा, भारत पाचवा. मुलगा दोन्ही बघेल तेव्हाच ‘का?’ विचारेल. शिवाय स्पर्धा परीक्षेत क्रमवारी विचारतात, ती काढली तर मुलं तक्त्याकडे बघणारच नाहीत.

लोकसंख्येच्या रकान्याला मात्र माझा जोरदार आक्षेप आहे. नुसती संख्या देऊ नका, मध्यम वय (निम्मे लोक ज्याहून लहान, ते वय) द्या. जपान ४९, भारत साधारण २८, नायजर १५ च्या आसपास. शाळा लागणार की वृद्धाश्रम, पुढच्या वीस वर्षांची सगळी अर्थव्यवस्था या एका रकान्यात दिसते. सरासरी घनतेचं इजिप्तमध्ये हसं होतं: क्षेत्रफळ दहा लाख चौरस किलोमीटर, लोक अकरा कोटींच्या घरात, सरासरी चौरस किलोमीटरला ११० च्या आसपास. प्रत्यक्षात जवळजवळ सगळे नाईलच्या पट्ट्यात आणि त्रिभुज प्रदेशात दाटीवाटीने राहतात, बाकी वाळवंट.

नकाशा_सिव्हिललाईन्स

जीडीपीवरून एवढं भांडण, आणि बाजूच्या मर्केटर नकाशावर कोणी बोलून नाही राहिलं! तो १५६९ चा, जहाजाला दिशा धरता यावी म्हणून केलेला. त्यात क्षेत्रफळ फुगतं, आणि किती ते गणिताने निघतं: अक्षांशाची कोज्या (cos) घ्या, वर्ग करा, त्याने १ ला भागा. आपल्या नागपूरच्या झिरो माईलपाशी अक्षांश २१.१५, तिथे फुगवटा १.१५ पट. ६० अंशांवर ४ पट. ७२ अंशांवर, म्हणजे ग्रीनलँडच्या मध्यावर, साडेदहा पट. ग्रीनलँड प्रत्यक्षात २१.६६ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दोन तृतीयांश. नकाशावर भारताच्या सहापट दिसतो. आफ्रिका तीन कोटी चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे ग्रीनलँडच्या चौदापट, आणि मुलांना दोघे सारखेच वाटतात. २०१८ चं ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत) वापरा. क्षेत्रफळ खरं राहतं आणि आकारही फार ओढलेले दिसत नाहीत.

क्षेत्रफळाच्या रकान्यातही टीप लागेल. भारत ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर. २०११ ची १२१.०८ कोटी लोकसंख्या त्याने भागली तर घनता ३६८ येते, आणि पुस्तकात ३८२ असते. मुलं इथे अडकतात. जनगणनेने घनता काढताना पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला १,२०,८४९ चौरस किलोमीटरचा भाग वगळला आहे. तो वजा करा, बरोबर ३८२ येतं. अमेरिका तिसरी की चीन, हेही किनाऱ्यालगतचं पाणी धरायचं की नाही यावर फिरतं.

भूगोलप्रेमी_धरमपेठ

नकाशाचं शंभर टक्के मान्य, मध्यम वयही घ्या. दोन्ही जीडीपी शेजारी ठेवायलाही हरकत नाही, पण ओळी दरडोईनुसार लावा. डोळा आधी वरच्या ओळीवर जातो.

कापूसबाजार

ते मान्य नाही. दरडोईने लावलं की वरच्या दहात लक्झेंबर्ग, सिंगापूर, कतार, आयर्लंड येतील. या चौघांची लोकसंख्या मिळून अडीच कोटीही भरत नाही. जगात आठशे कोटींवर लोक आहेत. ते ज्या देशांत राहतात ते वर हवेत. लोकसंख्येनुसार ओळी लावा, मी गप्प बसतो.

शिकवणी_रेशीमबाग

लोकसंख्येनुसार लावणं मला पटतं. छपाईचं बोलायचं तर देश, क्षेत्रफळ आणि नकाशा पक्के छापा; लोकसंख्या आणि दोन्ही जीडीपीच्या जागी चिकटपट्टीपुरत्या रिकाम्या चौकटी ठेवा. नाणेनिधीचे आकडे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात. प्रत्येक पट्टीवर वर्ष, संस्था आणि ‘लाख कोटी डॉलर’ हे एकक छापलंच पाहिजे. भारताची शेवटची जनगणना २०११ ची, त्यामुळे १४५ कोटींपुढे ‘अंदाज’ लिहा. आणि दरडोई काढताना २०११ ची लोकसंख्या आणि २०२४ चा जीडीपी एकत्र घेऊ नका, दरडोई आकडा वीस टक्क्यांनी जास्त येतो.