नाक मोठे की हनुवटी मागे?
बाजूने काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते म्हणून त्याची शस्त्रक्रिया करावी का, या नेहमी पडणाऱ्या प्रश्नावर एवढेच सांगावेसे वाटते की पुष्कळदा दोष नाकाचा नसून मागे राहिलेल्या हनुवटीचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी टेकवून पाहावी. ओठ त्या रेषेच्या किंचित आत असावेत असा अमेरिकी दंततज्ज्ञ रिकेट्स यांचा ठोकताळा आहे, मात्र तो गोऱ्या चेहऱ्यांवरून बेतलेला असल्याने आपल्याकडच्या भरीव ओठांना तंतोतंत लावू नये.

हनुवटीला उठाव देण्यासाठी टोचले जाणारे हायलुरॉनिक आम्लाचे फिलर, म्हणजे भराव देणारे जेल, साधारण वर्ष-दीड वर्ष टिकते आणि न आवडल्यास हायलुरोनिडेझ या विकराच्या (एन्झाइमच्या) इंजेक्शनने विरघळवता येते. पण ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा काळवंडून मरू शकते, त्यामुळे ब्यूटी पार्लरमध्ये ते मुळीच टोचून घेऊ नये. कायमच्या उपायांत सिलिकॉनचे रोपण येते, किंवा हनुवटीचे हाड कापून, पुढे सरकवून प्लेट आणि स्क्रूने बसवतात. छेद तोंडाच्या आतून घेतल्याने व्रण दिसत नाही, परंतु खालचा ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहू शकतो, हे आधीच विचारून घ्यावे. वरखालचे दात नीट जुळत नसतील तर प्रथम ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दातांची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञाला, दाखवावे, कारण जबडाच मागे असल्यास नुसती हनुवटी पुढे आणून दातांची ठेवण सुधारत नाही.